फुगलेली भिंत आणि भात्याचा कॅमेरा

"बाई, या फोटोत तुमच्या शेजारची इमारतसुद्धा वाकडी दिसतेय. मग तीही पडणार का?"

एवढं बोलून नगरपालिकेच्या इंजिनियरसाहेबांनी फोन टेबलावरून परत सरकवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

फोटोताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ज करायची ही तिसरी खेप होती. त्यांचे दादा-वहिनी ज्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते, तिची बाजूची भिंत वर्षभर बाहेर फुगत चालली होती. वहिनींच्या खिडकीचं दार आता लागतच नव्हतं. वरून ओळंबा सोडून मोजावं म्हटलं, तर घरमालक गच्चीची किल्ली द्यायला तयार नाही. आणि ज्यांचं कामच मोजायचं, ते साहेब खुर्ची सोडायला तयार नाहीत.

घरी येताना त्यांचा राग आणखी वाढला, कारण साहेबाचं एक म्हणणं खरं होतं. फोन वर करून उंच इमारत टिपली, की सगळ्या उभ्या रेषा आत झुकतात. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको होतं. कामचुकार माणसाच्या तोंडून अर्धं खरं निघालं, की ते जास्तच झोंबतं.

यावर उपाय त्यांच्या माळ्यावरच होता. वडिलांचा भात्याचा कॅमेरा. पुढे भिंग, मागे चित्र उमटवणारी घासलेली काच, मधे हार्मोनियमसारखा चामड्याचा भाता. त्यात कॅमेरा वर करावाच लागत नाही. तो समोर सरळ ठेवायचा आणि नुसतं भिंग वर सरकवायचं. सरळ रेषा सरळच राहतात. अडचण एकच होती. त्याची मोठी फिल्म मिळायची कधीच बंद झाली होती.

"मग त्याच्या पाठीला माझा डिजिटल कॅमेरा बसवीन," त्या म्हणाल्या.

गल्लीतल्या सुतारकाकांनी चष्म्यावरून बघितलं. "कॅमेऱ्याला कॅमेरा? म्हणजे घोड्यावर घोडा बसवायचा की."

"बसवायचा. आणि हलता कामा नये."

काकांनी मान हलवली, पण रंधा हातात घेतला. काचेची चौकट काढून तिच्या मापाची सागवानी फळी कापली. फळीवर दोन उभ्या खाचा पाडल्या आणि त्यांत वर-खाली सरकणारी दुसरी पट्टी बसवली. डिजिटल कॅमेऱ्याचं भिंग काढल्यावर तोंडाला लावतात ते प्लास्टिकचं झाकण फोटोताईंनी मधोमध गोल कापलं आणि पट्टीतल्या भोकावर स्क्रूने आवळलं. कॅमेरा त्या झाकणात फिरवला, की घट्ट. त्याच्या आतला चित्र टिपणारा पडदा लहान, म्हणून पट्टी सरकवत वरून खाली चार तुकडे टिपायचे आणि मग ते जोडायचे.

पहिला फोटो पांढराफटक आला. कुठून तरी उजेड शिरत होता. दुसराही तसाच. त्यांनी खाचांना काळा रंग दिला. रंग वाळेपर्यंत चार फेऱ्या मारल्या आणि त्या साहेबाचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. शेवटी जुन्या मखमली ब्लाउजची बाही फाडून तिच्या पट्ट्या खाचांत चिकटवल्या. मग मात्र चित्र स्वच्छ आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इमारतीसमोरच्या फुटपाथवर ठाण मांडलं. चार तुकडे टिपले. जोडून पाहिलं, तर शेजारच्या इमारतीची कड पट्टीने आखल्यासारखी उभी होती. दादांच्या इमारतीची कड दुसऱ्या मजल्याजवळ गरोदर बाईच्या पोटासारखी बाहेर आली होती.

ऑफिसात साहेबांनी फोटो दोन बोटांत धरला. "आजकाल कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते करता येतं, बाई."

फोटोताई खाली गेल्या, रिक्षात ठेवलेला कॅमेरा आणि त्याचा तिपायी स्टँड घेऊन वर आल्या आणि ऑफिसच्या व्हरांड्यातच मांडामांड करू लागल्या. शिपाई म्हणाला, इथे परवानगी नाही. त्या म्हणाल्या, "अर्ज देते. तीन दिलेत, त्यांच्याखाली ठेवा." रांगेतले लोक हसले. गलका ऐकून केबिनमधून मोठ्या बाई बाहेर आल्या. त्या साहेबांच्या वरिष्ठ होत्या.

"हे काय चाललंय?"

"तुमच्या साहेबांचं म्हणणं, माझा कॅमेरा खोटं बोलतो. बघून घ्या."

त्यांनी पुन्हा घासलेली काच बसवली, भिंग समोरच्या उंच खांबाकडे वळवून वर सरकवलं आणि काळं कापड उचलून धरलं. मोठ्या बाईंनी जरा बिचकतच डोकं आत घातलं.

"उलटं दिसतंय," आतून आवाज आला.

"उलटं दिसतंय. वाकडं दिसतंय का?"

मोठ्या बाई कापडातून बाहेर आल्या, केस सारखे केले आणि फोटोचे चारही तुकडे सुटेसुटे मागून घेतले. प्रत्येक तुकड्यात शेजारच्या इमारतीची कड ताठ होती. त्यांनी फक्त विचारलं, "जागेवर जाऊन कुणी मोजलंय?" साहेबांनी डायरीत उद्याची तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी मालकाला गच्ची उघडावी लागली. ओळंबा सोडला. भिंत वीतभर बाहेर आली होती. संध्याकाळपर्यंत इमारत रिकामी करायचा हुकूम निघाला आणि चौथ्या दिवशी मजूर भिंत उतरवू लागले, तेव्हा आतल्या विटा हाताने निघत होत्या.

दादा-वहिनी फोटोताईंच्या स्टुडिओत राहायला आले. "राहतं घर गेलं आमचं तुझ्यामुळे," दादा पहिल्या जेवणालाच म्हणाले.

"भिंत अंगावर आली असती तर घर राहिलं असतं का?" वहिनींनी त्यांना गप्प केलं. फोटोताईंनी ताटातला अर्धा भात तसाच ठेवला.

त्यातच इमारत रिकामी करायच्या नोटिशीची प्रत आली. वर त्यांनीच काढलेला भिंतीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं : 'कार्यालयाच्या दक्ष पाहणीत भिंत धोकादायक असल्याचे आढळून आले.' सही इंजिनियरसाहेबांची.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग कोरा कागद घेतला आणि चौथा अर्ज लिहायला बसल्या. दादांनी पलंगावरून विचारलं, "आता कशासाठी भांडतेस? काम झालं ना?"

"भिंतीचं झालं," त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.