टेबलावर राहिलेले हृदय

मी एक धड बोलतोय. डोके आहे, छाती आहे, पोट आहे. हात-पाय मात्र कारखान्यातच दिले नाहीत. छातीचे झाकण उघडले की हृदय, फुप्फुसे, यकृत सगळे सुटे काढता येते. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांच्या एका गावात, सरकारी विद्यापीठात, शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात मी फळ्याजवळच्या बुटक्या स्टुलावर असतो.

आधीच सांगतो, माझा स्वभाव हेवेखोर आहे. समोरच्या कोपऱ्यातल्या सांगाड्याला मुले पदवीदानाची टोपी घालतात, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. माझ्या वाट्याला फक्त कुणाचे तरी जाकीट येते.

हार्लन सर इथे शिकवत होते तोवर मला त्याचे फारसे वाटत नसे. ते माझे हृदय काढून पहिल्या बाकावर देत आणि म्हणत, "जपून धरा, एकच आहे त्याच्याकडे." ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरायचे ठरले. येणारा मला हात लावेल की अडगळीत टाकेल, हीच माझी चिंता होती.

आमच्याकडे उमेदवाराला खऱ्या मुलांना शिकवून दाखवावे लागते. निवड समिती मागे गप्प बसते. प्रश्न फक्त मुलांनी विचारायचे. नंतर विभागप्रमुख अविला मॅडम मुलांना एवढेच विचारतात, "सकाळी आठच्या तासाला यांच्यासाठी उठाल का?"

पहिले आले डॉक्टर स्टॅनहोप, एका बड्या विद्यापीठातून. त्यांनी पडद्यावर धडधडणारे हृदय आणले, आतून-बाहेरून फिरणारे. माझा जळफळाट झाला. माझे हृदय इतक्या वर्षांत एकदाही धडधडले नव्हते.

मग नायेलीने हात वर केला. ती एरवी बोलत नसे. "सर, माझे पप्पा द्राक्षं तोडतात. परवा मळ्यात उठून उभे राहिले आणि कोसळले. असं का होतं?"

"चांगला प्रश्न आहे," स्टॅनहोप म्हणाले, "पण आजचा विषय हृदयाच्या पेशी. शेवटी वेळ उरला तर बघू."

वेळ उरला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पा हुआ मुआ आल्या. लाओसहून आलेल्या हमोंग जमातीच्या आईवडिलांची ही मुलगी याच बाकांवर शिकलेली. आत येताच त्यांनी माझे हृदय काढून तळहातावर तोलले. मी सांगाड्याकडे पाहिले. त्यानेही ते पाहावे म्हणून.

नायेलीने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा हळू.

"परत?" शेजारचा देसिडेरियो कुजबुजला. "यांचाही विषय वेगळाच असेल बघ."

मुआ मॅडमनी हृदय टेबलावर ठेवले. "पप्पा तोडताना बसतात कसे?"

"उकिडवे. घड खाली असतात ना."

"मग सगळे बसा तसेच. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघत राहा. मागचे पण. समितीला गुडघे आहेत ना?"

"एक आहे. दुसरा स्टीलचा," म्हणत अविला मॅडमही बसल्या.

"आता झटकन उठा."

"अगं आई, पळायला लागली," देसिडेरियो म्हणाला. "गरगरतंय मला."

"रक्त पायांत उतरलं, मेंदूला कमी पडलं, म्हणून हृदय धावतंय. उन्हात घामावाटे पाणी गेलं असेल तर त्याचं धावणंही पुरत नाही. नायेली, पप्पांना सांग, पाणी पीत राहा, एकदम उठू नका. आणि ते एकदा कोसळलेत, म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं."

"आज घरी गेल्यावर सांगते," नायेली म्हणाली. मनगटावरची बोटे तिने काढली नव्हती.

आजवर मी टोप्यांचा, फोटोंचा हेवा केला. मनगटाचा कधी केला नव्हता. तास संपला, सगळे मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले खायला गेले, आणि माझे हृदय टेबलावरच राहिले.

अविला मॅडमनी आपला प्रश्न विचारला तेव्हा देसिडेरियो म्हणाला, "आठ कशाला, सातला येईन. उशिरा येईन, पण येईन."

जागा मुआ मॅडमना मिळाली. त्यांनी मला अडगळीत टाकले नाही. पण मुलांची मनगटे आधी, माझे हृदय नंतर. मी अजून जळतो.

मात्र उकिडवे बसायचा तास आला की सांगाडा एकटाच वर लटकत राहतो आणि सगळ्यांचे चेहरे माझ्या स्टुलाशी येतात. तेवढा वेळ मला पाय नाहीत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तुम्ही कधी आलात तर जाकीट दुसरीकडे टांगा, आणि माझ्याशेजारी जरा उकिडवे बसा. उठायची घाई करू नका.