पाहुणे जाईपर्यंत

मंडईच्या आदल्या दिवशी बुधराम वाचनालयात आला, तेव्हा मी हॉलीवूडच्या एका जुन्या विनोदी नटाचा मूकपट लॅपटॉपवर पाहत होतो. शंभर वर्षांपूर्वीचे त्याचे चित्रपट मी निवृत्तीनंतर एकेक करून जमवले. गावात कुणाला ते दाखवावेत असं कधी वाटलं नाही. मला आवडलेली गोष्ट दुसऱ्यालाही आवडेल यावर माझा फारसा विश्वास नाही.

बुधरामच्या पायांत तीन वर्षांपासून काहीतरी शिरलं होतं. उंबरठ्यावर ते चिकटल्यासारखे थांबायचे. मग अंग पुढे झुकायचं आणि तो बारीक बारीक पावलं टाकत धावत सुटायचा, हाताला काही लागेपर्यंत. त्या दिवशी माझं टेबल लागलं.

"मास्तर," तो म्हणाला. मी ग्रंथपाल होतो, निवृत्तीनंतरही तिथेच बसायचो, पण सिहोऱ्यात सगळे मला मास्तरच म्हणतात. "उद्या कारध्याचे पाहुणे येऊन राहिले, ज्योत्सनाले पाहाले. तुमची हाताची खुर्ची देता का?"

"खुर्ची कशाला?"

"बसून राहाले. ते येतीन तवा बसून, जातीन तवा बसून. मी उठलो त सोयरिक गेली. म्हणतीन, बापाले हे आहे त पोरीले बी होईन."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणते पोरीले काही नाई होत. पण पाहुण्याले कोण समजावन?" त्याने दाराकडे पाहिलं. "तुमालेच सांगतलं, मास्तर."

मी खुर्ची दिली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, एका दिवसाची जत्राच. नातेवाईक येतात, शिंगाडे-ऊस घेतात, संध्याकाळी दंडार हे आमच्याकडचं लोकनाट्य पाहतात, आणि त्याच गर्दीत मुली पाहून सोयरिकी ठरतात. एका दिवसात जे दिसेल त्यावर.

कारध्याचे आनंदराव वैनगंगेत मासेमारी करणारे, बुधरामसारखेच धीवर. बायको आणि मुलगा प्रविण यांना घेऊन ते सकाळीच आले. बुधरामने खुर्चीतूनच हात जोडले. मुलगी सगळ्यांना आवडली. दंडार पाहून झाल्यावर मांडवातच शब्द द्यायचा असं आनंदरावांनी ठरवलं. पाहुणे दुकानं फिरायला गेले, तेवढ्या वेळात बुधरामच्या बायकोने, सखाबाईने, त्याला मांडवात आणून तिसऱ्या रांगेत बसवलं, माझ्याच खुर्चीत. मी ते पाहिलं होतं.

दंडारीवाल्यांची गाडी बपेऱ्याजवळ बंद पडली. अंधार पडत आला, लोक उठायला लागले. मंडई कमिटीचा धनराज माझ्याकडे आला.

"मास्तर, वाचनालयात पाहता न, तो मुका पिक्चर लावा. अन् माइकवर बोला काही, नाईतर कोणाले समजन?"

मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी मी माइक घेतला, का ते मला माहीत नाही. पोरांनी मांडवात पांढरं कापड ताणलं आणि शाळेचा प्रोजेक्टर आणला.

पडद्यावर तो सडपातळ नट तोकडा कोट घालून मुलगी मागायला सासऱ्याच्या घरी निघाला होता. घरातली फरशी गुळगुळीत. दारात त्याचे पाय अडकले, अंग पुढे झुकलं आणि तो बारीक पावलं टाकत धावत सुटला, थेट जेवणाच्या टेबलावर. मी म्हणालो, "आता नायक घरात प्रवेश करत आहे." कुणी हसलं नाही. मागून एकाने शिटी मारली. धनराज खालून हाताने खुणावत होता, वाढवा, वाढवा.

"पाहा," मी म्हणालो, "आपला बुधराम निघाला."

मांडवात हशा फुटला. माझ्या बोलण्यावर आयुष्यात पहिल्यांदा लोक हसले.

नाव तोंडातून निसटलं असं लिहायला मला आवडेल. पहिल्या वेळी निसटलंही असेल. पुढच्या दहा मिनिटांत मी ते सात-आठ वेळा घेतलं. बुधरामले ब्रेक नाई. बुधराम, भिंत आली. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता, आणि तो मला आवडत होता.

"मास्तर, असली बुधराम इथंच बसला आहे न," पानठेल्याचा गोलू ओरडला. "उठ बे, दाखव."

बुधरामने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. शेजारी आनंदराव हसून हसून डोळे पुसत होते. त्यांना वाटलं, होणारे व्याही गावातले नकलाकार आहेत.

"उठा न समधी," ते म्हणाले. "लोकं बलावून राहिले, कायले लाजता?"

समधी म्हटल्यावर बुधरामची पकड सैल झाली. गोलूने आणि आणखी एकाने त्याला उचलून उभं केलं. पडद्यावर नट धावत होता. बुधराम क्षणभर अडकला, मग तोही धावला, दोन रांगांच्या मधून सरळ पडद्यावर. हाताला कापडच लागलं. ते घेऊन तो खाली पडला आणि नट त्याच्या पाठीवर धावत राहिला. लोक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. आनंदरावांनी टाळ्या वाजवल्या.

तो उठेना तेव्हा ज्योत्सना आली. तिने मागून काखेत हात घालून त्याला उभं केलं, आपला पाय त्याच्या पायापुढे आडवा ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, माह्या पायावरून." तो तिचा पाय ओलांडून चालू लागला. हे तिने इतक्या सफाईने केलं की आनंदरावांच्या बायकोचं हसू थांबलं.

"रोजचंच आहे का हे?" तिने विचारलं.

"हो," ज्योत्सना म्हणाली.

पाहुणे दंडारीला थांबले नाहीत. शब्द कुणी दिला नाही, मोडलाही नाही. निघताना आनंदरावांनी बुधरामच्या पायांकडे दोनदा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती. ज्योत्सनाने चहा आणला आणि समोर उभी राहिली.

"काका, पाहुणे तिथंच बसले होते, तुमाले मालूम होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

बुधराम माझ्याकडे पाहत होता.

"त्याइले कसं मालूम राहीन?" तो मुलीला म्हणाला. "मी कोणाले सांगतलंच नोतं."

मी चहा संपवला. माफीचं राहूनच गेलं. परत येताना गोलूच्या ठेल्यावरची माणसं मला पाहून उभी राहिली. "मास्तर, पुढच्या मंडईले दोन पिक्चर पायजे," एकजण म्हणाला. पाहू, असं म्हणून मी पुढे झालो.

घरी येऊन मी त्या नटाचा दुसरा चित्रपट लावला, आणि कुठे काय बोलता येईल ते वहीत लिहायला बसलो.