ताईसाठी मोकळी केलेली खोली

मिस्त्री जन्मात कुणाला घाबरला नाही. करवत घसरली तरी घाबरला नाही, गिऱ्हाईक हमरीतुमरीवर आलं तरी घाबरला नाही. घाबरायचा तो फक्त थोरल्या बहिणीला. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याचं नाक पुसलं आणि गरज पडेल तेव्हा कानही पिळला. आता त्याच ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एकटा जीव. मिस्त्रीनं फोन केला, "तू आमच्याकडं ये. मागची खोली तुझी."

"मोकळी आहे का?"

"मोकळीच म्हणायची."

"म्हणायची नको, असायला पाहिजे. माझ्यापायी तुमचं एक भांडं जरी हललं ना, तर आल्या पावली परत जाईन. कुणाच्या घरात अडगळ होऊन राहायची नाही मला."

ताई बोलली म्हणजे बोलली. त्यात रंधा मारायला जागा नसायची.

मिस्त्री मागच्या खोलीचं दार उघडायला गेला, तर ते अर्धंच उघडलं. पोट आत ओढून तो शिरला. त्याचं पोट म्हणजे आत ओढलं तरी बाहेरच असायचं, पण शिरला.

बायकोनं फोनवर कुठंतरी बघून ठेवलं होतं. तीन ढीग करायचे. ठेवायचं, द्यायचं, फेकायचं. सोपं काम. एका सकाळी होतं म्हणे.

"हा पंखा फेका," बायको म्हणाली.

"फेका काय? पाती बघ कशी आहेत."

"मोटर कुठाय?"

"मोटर काय, कुठंही मिळेल. अशी पाती मिळायची नाहीत. आणि तुझी ही खोकी?"

"त्यांना हात लावू नका. मिक्सरचं खोकं आहे ते. मिक्सर बिघडला तर दुरुस्तीला कशातून नेणार?"

"मिक्सर आपण मोडीत दिला की."

"नवा घेतला तर?"

मिस्त्रीनं खोकं ठेवायच्या ढिगावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत ठेवायचा ढीग खिडकीच्या वर गेला. द्यायच्या ढिगात कुकरचं एक झाकण होतं, पण कुकर नसलेलं झाकण घेणारा माणूस काही दोघांना आठवेना. फेकायच्या ढिगात जुनं कॅलेंडर होतं. तेही बायकोनं जेवणानंतर उचलून आणलं. चित्र चांगलं होतं म्हणाली.

मिस्त्रीनं खूप विचार केला. मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला, "आपलं चुकतंय कुठं माहिती आहे का? आपल्याकडं सामान जास्त नाही. कपाट कमी आहे."

बायकोनं त्याच्याकडं बघितलं. इतकी वर्षं संसार केल्यावर बाईमाणूस जसं बघतं, तसं बघितलं. पण ताई रविवारी येणार होती आणि दुसरा उपाय तिच्याकडंही नव्हता.

मिस्त्री कामाला लागला. पंख्याच्या पात्याचं माप घेतलं, खोक्यांचं घेतलं, कुकरच्या झाकणाचंसुद्धा घेतलं. खोलीचं दार अरुंद, म्हणून कपाट आतच उभं केलं. पुरुषभर उंच, ऐसपैस रुंद, हात घातला तर खांद्यापर्यंत जाईल इतकं खोल. सगळं सामान आत बसलं. दारं लागली. कुलूप लागलं. बायकोनं पहिल्यांदाच त्या खोलीची फरशी बघितली. "अगंबाई, हिरवी आहे की," म्हणाली.

रविवारी सकाळी मिस्त्रीनं ताईसाठी खाट आणली.

खाट बसेना. उभी बसेना, आडवी बसेना. तिरकी बसली, पण मग दार लागेना. मिस्त्रीनं टेप काढला, पुन्हा मोजलं, टेप मिटला. त्यानं सगळं मोजलं होतं. खाट तेवढी राहिली होती.

"कपाट बाहेर काढा," बायको म्हणाली.

"दारातून जायचं नाही."

"मग सोडवा."

"सोडवायचं तर रिकामं करावं लागेल."

दोघांनी एकदा हिरव्या फरशीकडं बघितलं. ताईची गाडी निघालीय म्हणून फोन येऊन गेला होता. ताई आली, दारातून तो पसारा बघितला, की काठी फिरवून परत, आणि पुन्हा ते तीन मजले. मिस्त्रीचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

मग तो झटकन उठला आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली. त्याला सगळे ठिणगी म्हणायचे, कारण भोक नसलेला एकही शर्ट त्याच्याकडं नव्हता.

"हे कपाट तोंडावर पाडायचं," मिस्त्री म्हणाला.

ठिणगीनं कपाट बघितलं, मिस्त्री बघितला. "भांडण झालंय का तुमचं?"

"पाड रे. हळू पाड."

पाडलं. दारं खाली, पाठ वर. आतलं सामान नव्या जागी पडत गेलं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तिघंही तो शांतपणे ऐकत उभे होते. आवाज थांबल्यावर मिस्त्रीनं त्यावर गादी टाकली, चादर ओढली. उंची झकास. डॉक्टरनं सांगितलंच होतं, बसायचं ते उंचावर.

ताई आली. काठी टेकत खोलीभर फिरली. खिडकीवरून बोट फिरवून बघितलं. मग पलंगाशी थांबली, खालच्या कडेला दिसणाऱ्या बिजागऱ्या बघितल्या आणि काठीनं लाकडावर ठोकलं. ताई सुताराची लेक. भरीव काय आणि पोकळ काय, तिला कुणी शिकवायचं?

"हे पालथं कपाट आहे."

"हो," मिस्त्री म्हणाला. ताईपुढं खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती.

"आणि भरलेलं आहे."

"हो."

"म्हणजे माझ्यापायी तुमचं सामान अडकलं."

बायको पुढं झाली. "नाही हो वन्सं, त्यात काही नाही..."

"काय काय आहे त्यात? सांगा बघू."

मिस्त्री म्हणाला, "पंख्याची पाती." बायको म्हणाली, "खोकी." मग मिस्त्रीनं छताकडं बघितलं, बायकोनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "झाकण," ती म्हणाली. "कुकरचं." पुढचं दोघांनाही आठवेना. मास्तरांनी पाढा विचारावा तशी गत.

ताई वाट बघत उभी राहिली. तिनं भरपूर वाट बघितली. शेवटी पलंगावर टेकली, दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय सरळ केला आणि म्हणाली, "ज्याचं नावही आठवत नाही, ते माझ्यामुळं अडलं असं कोण म्हणेल? उशी दे. आणि चहा टाक गं, प्रवासात धड मिळाला नाही."

मिस्त्रीनं उशी दिली. मग उगाचच खिडकी उघडली, बाहेर तोंड करून नाक शिंकरलं. भुशाचं निमित्त होतंच.

ताईचा डोळा लागला, तेवढ्यात दारात ठिणगी. आवाज दबका. "मिस्त्री, माझं ड्रिल मशीन तुझ्याकडं होतं ना रे?"

मिस्त्रीनं पलंगाकडं बघितलं.

"ताई उठली की देतो."

"कधी उठतील?"

"अरे, आत्ता तर आलीय ती," मिस्त्री म्हणाला आणि हळूच दार लावून घेतलं.