काढ्याचा चोथा

“अहो बाई, वळसा नका घालू! त्याच्यावरूनच जा!” झाई वेनशान ओरडला, तशी सायकलवाली घाबरून खाली उतरली, “चुकलं साहेब” म्हणाली आणि आणखीच लांबून गेली.

रस्त्याच्या मधोमध काढ्याचा चोथा पडला होता. आईच्या काढ्याचा. चोथा रस्त्यात टाकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवायचा, म्हणजे दुखणं त्यांच्या पायांनी निघून जातं आणि वाटेतच विरतं, ही चीनमधली जुनी रीत. आता वेनशानचे औषधांचे कारखाने, बीजिंगच्या संसदेत त्याची खुर्ची. पण आईने त्याची एक गोळी जिभेवर ठेवली असेल तर शपथ. “तुझ्या गोळ्या तूच खा. माझा चोथा तेवढा स्वतःच्या हाताने टाकून ये,” म्हणाली. डॉक्टरांनी हात टेकलेच होते. मुलगा बिचारा काय करणार?

त्याच्या बंगल्यांच्या वसाहतीत पायी चालतं कोण? म्हणून सकाळीच तो जुन्या जडीबुटीच्या बाजारात आला होता. आणि इथे ही तऱ्हा! एवढ्या मोठ्या साहेबांनी टाकलेल्या वस्तूवर पाय द्यायचा कसा? एकाने तर धावत जाऊन झाडू आणला.

“झाडू नका हो!” वेनशानचा आवाज चिरकला. “तुडवा कोणीतरी. हात जोडतो.”

सगळे खाली मान घालून उभे. संत्र्याच्या वाळक्या साली विकणारी त्सेन मावशी तेवढी दुकानातून उठली.

“काय रे दगडू,” ती म्हणाली. दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं ते नाव आता आईखेरीज हिच्याच तोंडी उरलं होतं. “म्हातारीचा आहे, हे आधी सांगायला काय झालं होतं? तुला गोवर आला तेव्हा तिने टाकलेल्या चोथ्यावर मीच नाचले होते!”

आणि ती खरंच दोन्ही पायांनी त्यावर नाचली. “या रे मेल्यांनो! कसला साहेब नि कसलं काय! पोराची आई आजारी आहे!”

मग मात्र लोक आले. शेवया विकणारा पीठभरल्या हातांनीच आला, हमाल पाठीवरच्या पोत्यासकट आले. वेनशानला रडूच फुटायचं बाकी होतं.

खिशातला फोन वाजला. बहीण होती.

“दादा, ये. आई गेली रे.”

त्याने फोन खिशात ठेवला. सांगायला तोंड उघडलं. पण कोपऱ्यावरून आणखी माणसं येत होती.

“बरी होईल बघ म्हातारी,” मावशी धापा टाकत म्हणाली.

“होईल, मावशी,” वेनशान म्हणाला आणि पाय देऊन जाणाऱ्या प्रत्येकापुढे कमरेत वाकत तिथेच उभा राहिला.