क्लबच्या फळ्याची फिर्याद

टिक्.

दुपारचे अडीच वाजले होते. वीज गेल्यामुळे पंखा बंद होता. त्या शांततेत माझ्या अंगातून एक गंजलेली पिन निसटली आणि लादीवर पडली.

चटईवर झोपलेल्या अबोलीनं कूस बदलली. खिडकीपाशी मेथी निवडत बसलेल्या तिच्या आजोबांनी मान वर केली. आणि तिच्या आईनं, मानसीनं, मोबाइलवरचा अंगठा थांबवून माझ्याकडे पाहिलं. लगेच नजर वळवली. चार महिने झाले, ती माझ्याकडे अशीच पाहते आहे.

घाबरू नका मित्रांनो, पिन माझीच होती. मी एक जुना फळा आहे. शाळेतला नाही, एका गोल्फ क्लबचा. ऋतू बदलला की सभासदांसाठीच्या बातम्या माझ्यावर लागत. आयुष्यभर माझ्यावर दुसऱ्यांनीच लिहिलं आणि दुसऱ्यांनीच पुसलं. मी कधी हूं की चूं केलं नाही. पण आज मला राग आला आहे, आणि तो गिळून बसणं आता मला जमणार नाही.

मला धोंडिराम मिस्त्रींनी घडवलं, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या लहानशा कारखान्यात. माझं सागवान कुर्ल्याहून आणलेल्या जुन्या दारांचं. माझे दोन भाग. वरच्या भागात हिरवं बनात, म्हणजे पिना टोचायचं जाड लोकरी कापड, त्यावर काच आणि काचेला कुलूप. खाली हातभर रुंदीची काळी पट्टी, खडूनं लिहायला. मला पोचवायला आले तेव्हा मिस्त्री क्लबच्या साहेबांना म्हणाले होते, "वरचं तुमच्यासाठी, खालचं कामगारांसाठी. पण फळा एकच आहे हां साहेब." साहेब हसले होते. तेव्हाचे साहेब हसायचे तरी.

आमचा क्लब अंधेरीच्या पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी. मैदानात नऊ भोकं. प्रत्येक भोकाजवळ एक झेंडा आणि भोवती गालिच्यासारखी हिरवळ. तिला ग्रीन म्हणतात. लांबून चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचा, एवढाच खेळ. सभासद मारतात, आणि त्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन जो चालतो, चेंडू शोधून देतो, तो कॅडी.

काचेआड बातम्या लागायच्या. उन्हाळ्यात, 'सोनमोहर फुलला आहे, पिवळा चेंडू वापरू नये, सापडणार नाही.' पावसाळ्यात, 'चिखलात रुतलेला चेंडू उचलून पुसण्यास परवानगी आहे.' बाराही महिने, 'कावळ्याने चेंडू पळवल्यास दुसरा ठेवावा, दंड नाही.' दिवाळीनंतर स्पर्धांच्या तारखा. कोणा सभासदाचा चेंडू एका फटक्यात भोकात गेला, तर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत लागे आणि पेढे वाटले जात. तो चेंडू झाडीतून शोधून आणणाऱ्याचं नाव मात्र कधी लागलं नाही. असो. तो राग जुना आहे, आणि आजचा त्याहून मोठा आहे.

खालची काळी पट्टी गुणाजींची. गुणाजी म्हणजे क्लबचे मुख्य माळी, कुडाळकडचे. मघाशी मेथी निवडताना दिसले ना, तेच. क्लबच्या मागे, गवत कापायच्या यंत्रांची शेड होती. तिच्या शेजारच्या एका खोलीत ते राहायचे. रोज उजाडताना ते नऊच्या नऊ ग्रीनवरून अनवाणी चालत. चपला हातात. कोणी विचारलं तर म्हणत, "डोळ्यांना वरचं दिसतं, तळव्यांना आतलं कळतं." मग येऊन माझ्यावर लिहीत. '५ नंबर, मुंग्यांचं वारूळ, लांबून जा.' '२ नंबर, साप दिसला, हाक मारा.' आणि सांगण्यासारखं काही नसलं की पट्टी कोरी ठेवत. कोरा फळा म्हणजे सगळं ठीक. चौतीस वर्षं क्लबमधला प्रत्येक कॅडी हेच शिकत आला.

त्यांच्या गावचे कुंडलिक कॅडी होते. मला वाचल्याशिवाय ते मैदानात पाऊल टाकत नसत, आणि गुणाजींना डिवचल्याशिवाय मला वाचत नसत.

"गुण्या, तुजा अक्षर बघून कोंबडी पन लाजात रे!"

"तुका वाचूक येता, ह्याच खूप झाला," गुणाजी खडू झटकत म्हणत.

मानसी ही गुणाजींची लेक. बाराखडी ती माझ्याच पट्टीवर शिकली. मोठी झाली, बी.कॉम. झाली, क्लबच्याच ऑफिसात लागली. राजेशशी लग्न करून इथे मरोळला राहायला आली. माझ्या कुलपाची किल्ली आणि पुसायचं फडकं तिच्या ताब्यात आलं. अबोली तान्ही असताना ती एका हातावर तिला डोलवायची आणि दुसऱ्या हातानं बातम्या टाचायची. पिना ओठांत धरलेल्या असायच्या. पण बाळाकडे वाकायच्या आधी एकूण एक पिन काढून मोजून डबीत ठेवायची. इतकी जपणूक असलेले हात मी दुसरे पाहिले नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढचं ऐकताना लक्षात ठेवा.

मग नवे सचिव आले, देवव्रत साहेब. त्यांनी सगळ्या बातम्या मोबाइलवर नेल्या. नेऊ देत की! मी काही मोबाइलचा शत्रू नाही. माझ्या काचेवर त्यांनी कागद चिकटवला, 'ताज्या बातम्या मोबाइलवर पाहाव्यात.' पण मित्रांनो, मैदान काही मोबाइलमध्ये गेलं नव्हतं. ते बाहेरच होतं. त्याच्यावर दव पडायचं, पाणी मुरायचं, माती खचायची. आणि ते तळव्यांनी वाचणारा माणूस एकच होता.

गेल्या श्रावणातला रविवार. क्लबचा पावसाळी चषक होता, बाहेरचे पाहुणे येणार होते. अबोली आदल्या दिवशीच आजोबांकडे राहायला आली होती. गुणाजी नेहमीसारखे उजाडताना फेरी मारून आले. त्या दिवशी त्यांनी खडू पाण्यात बुडवला. भिजलेल्या खडूचं अक्षर ठसठशीत उमटतं आणि सहजी जात नाही. त्यांनी लिहिलं, '७ नंबर. तळ्याचा काठ आतून पोकळ. कोणी जाऊ नका.'

"आजोबा, मी झेंडा काढू?" अबोलीनं विचारलं.

"काढ. लाल काढ. लाल लगेच दिसतो."

तिनं लाल खडूही भिजवला आणि वाक्याच्या शेवटी एक वाकडा झेंडा काढला. मग गुणाजी तिला खोलीवर सोडून, काठाला कुंपण घालायला बांबू आणि दोर आणायला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेले.

आठ वाजता देवव्रत साहेब आले. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मानसी, हे काय? पाहुणे आलेत. हे पुसून टाक."

मानसी फडकं घेऊन आली. तिनं वाचलं. मला माहीत आहे, कारण फडकं 'सात'वर येऊन थांबलं.

"सर, बाबांनी सात नंबरचं लिहिलंय. काठ पोकळ झालाय म्हणून..."

"अगं, सहा वाजताच मेसेज गेलाय सगळ्यांना, मैदान पूर्ण खुलं. आता दोन दोन बातम्या कशा चालतील? लोक हसतील ना. पूस पटकन. सात नंबरचं बघतो मी."

बघतो मी! मित्रांनो, हे दोन शब्द मी इतक्या वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि ते म्हणणारा कधी बघायला गेलेला मी पाहिलेला नाही. साहेब हसत हसत पाहुण्यांना चहा विचारायला गेले.

आणि मानसीनं मला पुसलं.

दहा मिनिटांनी कुंडलिक आले. खांद्यावर एका पाहुण्याची पिशवी. माझ्यापुढे थांबले, वरून खाली पाहिलं. मी कोरा. कोरा फळा म्हणजे सगळं ठीक. मी ओरडलो असतो हो! पण फळ्याला तोंड कुठलं? ते गेले. सात नंबरला तळ्याकाठी पाहुण्याचा चेंडू शोधायला वाकले, आणि पायाखालचा काठ सरळ तळ्यात गेला. त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला. गुणाजी खांद्यावर बांबू घेऊन पोचले तेव्हा त्यांना कुंडलिकना ओढून बाहेर काढायचंच काम उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात, माझ्याच समोर, चौकशी झाली. देवव्रत साहेब आणि समितीचे सभासद खुर्च्यांवर बसले, गुणाजी उभे. मानसी कोपऱ्यात टिपणं घेत होती.

"गुणाजी, तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं का?" एका सभासदानं विचारलं.

पावसाळी हवेत माझी पट्टी दमट आणि काळीकुट्ट होते, तिच्यावर काही दिसत नाही. गुणाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग लेकीच्या हाताकडे. तिचं पेन कागदावर थांबलं होतं. पुसायचं फडकं कोणाच्या ताब्यात असतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"नाही साहेब," ते म्हणाले. "लिहायचं राहिलं."

देवव्रत साहेबांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते बोलले नाहीत! मानसीही बोलली नाही. तिच्यावरही मी रागावलो आहे, खोटं कशाला सांगू? पण तिचा राग केला की मला ती डबी आठवते, मोजून ठेवलेल्या पिनांची. साहेबांचा राग केला की मला काहीच आठवत नाही.

गुणाजींची नोकरी गेली, खोली गेली. लेकीच्या घरचं पाणी पितानाही संकोचणारा हा माणूस लेकीच्या दारात पिशवी घेऊन उभा राहिला. मला त्याच आठवड्यात उतरवून शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तिथे मी दहा महिने होतो, माझी काच तिथेच फुटली. या जूनमध्ये शेड रिकामी करताना मला भंगारात काढलं, तेव्हा शेवटचे कागद न्यायला आलेल्या गुणाजींनी विचारलं, "हा मी नेऊ का? नातीला अभ्यासाला होईल." तसा मी इथे आलो. अबोली माझ्या बनातावर चित्रं टाचते. खालच्या पट्टीवर कोणी लिहीत नाही. गुणाजी खडूला हात लावत नाहीत.

गणपतीत कुंडलिक काठी टेकत दर्शनाला आले होते. प्रसाद घेतला. मग म्हणाले, "गुण्या, पंचवीस वर्सां तुजो फळो बघून पाय टाकलंय रे. त्या दिवशीच कसो कोरो रवलो?"

"इसारलंय रे," गुणाजी खाली बघून म्हणाले.

कुंडलिकनी काठी उचलली. त्यांनी गुणाजींना डिवचलंही नाही. स्वयंपाकघरात मानसी गॅससमोर उभी होती आणि तिच्या डोळ्यांदेखत दूध उतू जात होतं.

आता आजचं. पावसाळा संपला. क्लबच्या हिवाळी हंगामाच्या बातम्या तीन वाजेपर्यंत सभासदांना जायच्या आहेत. मजकूर देवव्रत साहेबांचा, पाठवायचा मानसीनं. गवत कापणी कधी, दिवाळी स्पर्धा कधी, सगळं तिनं टाईप केलं. एकच वाक्य राहिलं आहे. 'गेल्या वर्षी माळ्याच्या निष्काळजीपणामुळे खचलेला सात नंबरचा काठ आता नव्याने बांधण्यात आला आहे.'

निष्काळजीपणा! चौतीस वर्षं ज्यानं अनवाणी चालून तुमचे पाय सांभाळले, तो पहिल्यांदा बातमीत येणार, तेही नावानं नाही. आणि ती बातमी त्याच्या लेकीच्या अंगठ्यानं जाणार. सांगा मित्रांनो, मी गप्प बसू?

मला तेलपाणी नको, पॉलिश नको. फुटकी काच बदलली नाही तरी चालेल. माझं एवढंच मागणं आहे. फळा पुसायच्या आधी त्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. आणि वाचल्यावरही कोणी 'पूस' म्हणालं, तर हात मागे घ्या. अक्षर कोंबडीच्या पायासारखं असेल, पण ते लिहिण्यासाठी कोणीतरी चिखलातून चालून आलेलं असतं.

माझ्या पिनेच्या आवाजानं अबोली उठून बसली आहे. डोळे चोळत तिनं पिन उचलली.

"पायात जायत गो बाय, हयसर दे," गुणाजी म्हणाले.

पिन द्यायला उठली आणि ती माझ्यासमोर थबकली. आठ दिवस ऑक्टोबरचं कोरडं ऊन खिडकीतून माझ्यावर पडतं आहे. माझी पट्टी खडखडीत वाळली आहे. ओल्या खडूचं अक्षर सुक्या फडक्यानं पुसलं, तर त्याची सावली राहते.

"आई! बघ ना, माझा झेंडा!"

मानसीनं मोबाइल मांडीवर ठेवला.

अबोली बोट ठेवून वाचू लागली. तिला नुकतंच वाचता यायला लागलं आहे. "सात... नंबर. तळ्याचा... काठ..." ती वळली. "आजोबा, हे तुम्ही लिहिलं होतं ना? मी झेंडा काढला होता तेव्हा! मग कुंडलिक आजोबांना तुम्ही 'विसरलो' असं का सांगितलंत?"

गुणाजींच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "पावसान पुसला आसात, बाय."

"व्हरांड्यात कुठे पाऊस येतो?"

मानसीच्या मांडीवर मोबाइल थरथरला. वर देवव्रत साहेबांचं नाव. 'पाठवलं का?'

अबोलीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आईजवळ जाऊन बसली, दोन्ही हातांनी तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि अगदी साधेपणानं विचारलं,

"आई, फडकं तर तुझ्याकडेच असायचं ना? मग पुसलं कोणी?"