काढ, पण ओढू नकोस

“दिवा जरा अलीकडे घे. आणि श्वास तिकडे सोड, स्क्रू उडेल,” आई मला म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिने बाबांच्या खेळण्यातल्या आगगाडीचं काळं इंजिन उलटं निजवलं होतं. तळहाताहून थोडं लांब, पण हातात घेतलं की वजन कळायचं. बाबा पलीकडच्या खोलीत आमच्याकडे पाठ करून बसले होते. रेडिओवर स्टेशन नीट लागलं नव्हतं, नुसती खरखर चालली होती. तरी ते बदलायला उठत नव्हते.

बाबा एका गोदामात कारकून होते. माल आला, माल गेला, एवढंच लिहिण्यात त्यांची नोकरी संपली. हे इंजिन त्यांनी लग्नाआधी जुन्या बाजारातून आणलं, तेव्हा ते बंद होतं. त्यांनीच ते खोलून चालतं केलं. मग रूळ आले, डबे आले, पुठ्ठ्याचं स्टेशन आलं आणि आमच्या छोट्या घरातली एक अख्खी खोली गेली. आई पाहुण्यांना सांगायची, “सवत आहे माझी. खरा कोळसा मागत नाही, तेवढंच नशीब.”

मग बाबांना कंपवात झाला. जुन्या कंट्रोलरचं बटण केसभर फिरवलं तरी गाडी वेग घ्यायची. हात थरथरला की गाडीला हिसके बसायचे. एके दिवशी ती वळणावर उसळली आणि थेट फरशीवर आली. इंजिनाला पोचा पडला. बाबांनी गाडीच्या खोलीचं दार बंद केलं आणि आत जाणंच सोडलं.

आईने मात्र मनावर घेतलं. तिची हयात चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काड्या आणि काचा बसवण्यात गेली होती. खेळण्यातल्या गाड्यांच्या दुकानात ती एकटी जाऊन आली आणि नखाएवढी चिप आणि नवा कंट्रोलर घेऊन आली.

“दुकानदार म्हणाला, हाताचा झटका ही चिप गिळून टाकते,” तिने बाबांना सांगितलं. “बटण कसंही फिरलं तरी गाडी बेताबेताने वेग घेते.”

“तिच्या पोटात हे असलं काही घालायचं नाही,” बाबा म्हणाले. “मग ती माझी गाडी राहत नाही.”

“आणि बंद खोलीत पडून राहिली, तर कुणाची राहते?”

त्यावरून दोघांत अबोला झाला. शेवटी बाबा “करा काय करायचं ते” म्हणाले. मी सुट्टीवर आले होते, म्हणून दिवा धरायला मी.

मोटरचं एक टोक इंजिनाच्या अंगालाच सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, जोडलेलं होतं. ते सोडवल्याशिवाय चिप बसवली असती तर जळून गेली असती. आईने सोल्डरिंगची सळई तापवली, जवळ नेली आणि थांबली.

“अहो,” तिने हाक मारली. “हा सांधा तुमच्या हातचा आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय मी हात लावत नाही.”

रेडिओ बंद झाला. बाबा हळूहळू आले. आईचं भिंग डोळ्याशी धरायला त्यांना दोन्ही हात लागले. त्यांनी तो सांधा निरखला.

“लग्नाच्या आदल्या आठवड्यातला,” ते म्हणाले. “घरात माणसं मावत नव्हती आणि मी गच्चीवर हे करत बसलो होतो.”

“मला वाटलं, माझ्या आठवणीने झुरत असाल.”

“चांगला लागलाय ना गं?”

“अजून जराही हलत नाही.”

बाबांनी भिंग खाली ठेवलं. “काढ,” ते म्हणाले. “पण ओढू नकोस. तापव. आपोआप सुटेल.”

तसंच झालं. चिप मागच्या कोळशाच्या डब्यात बसली.

संध्याकाळी खोलीचं दार उघडलं. धूळ पुसून आम्ही इंजिन रुळावर ठेवलं. बाबांनी नवं बटण धरलं. त्यांचा हात थरथरत होता, पण इंजिन, माणसं अजून चढताहेत हे ठाऊक असल्यासारखं, सावकाश निघालं आणि वळण घेऊन परत आलं. बाबांनी कान पुढे केला होता.

“आवाज गेला तिचा. सुटताना गुरगुरायची.”

“वय झालं. शांत झाली.”

“सगळ्यांचं तसं होत नाही,” बाबा आईकडे बघून म्हणाले. ती खळखळून हसली. जेवण थंड होईपर्यंत ते डबे जोडत आणि सोडत बसले होते.

दोनेक वर्षं गाडी चांगली चालली. पुढे बाबांना बटण धरणंही जमेना.

गेल्या खेपेला मी घरी गेले, तेव्हा बेल वाजवूनही कुणी आलं नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून चाकांचा आवाज येत होता. बाबा खुर्चीत होते, दोन्ही हात मांडीवर. बटणापाशी आई उभी होती. मी आल्याचं दोघांनाही कळलं नाही.

“वळण आलं,” बाबा पुटपुटले.

“दिसतंय मला.”

“डबे भरलेत.”

“रिकामे आहेत हो.”

“भरलेत,” बाबा म्हणाले.

आईने बटण थोडं मागे घेतलं. गाडी ओझ्याने वाकल्यासारखी, जपून, वळणावरून निघून गेली.