नारळ फोडला का?

मल्लिनाथला मूळव्याध झाली ती खुर्चीमुळं, असं त्याचं ठाम मत होतं. डॉक्टरांचं मत तिखटावर होतं. पण सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडायची म्हणजे गाव सोडल्यासारखंच की, म्हणून त्यानं सगळा ठपका खुर्चीवर ठेवला आणि खुर्ची काही ऑफिसनं बदलली नाही.

ऑफिस सात रस्त्याजवळ, एका बॅटरीच्या दुकानाच्या माडीवर. मालक चनबसप्पा शेठ. मूळचा धंदा सुताचा. सूत मंदावलं तसं त्यांनी सॉफ्टवेअर काढलं. यंत्रमागावर किती टॉवेल निघाले ते मोजणारं. शहरातल्या चाळीसेक कारखान्यांत ते चालायचं आणि चालायचं लिनक्सवर, कारण शेठनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ह्यातलं फुकट कंचं?"

आता सॉफ्टवेअर नुसतं लिहून भागत नाही. त्याचं नीट पुडकं बांधावं लागतं, म्हणजे कारखान्यातला संगणक ते आपोआप उचलतो आणि अंगावर चढवतो. हे पुडकं बांधायचं काम नऊ वर्षं मल्लिनाथकडं होतं. फाइली गोळा करा, जुनं पुसा, नवं जुळवा, तपासा, शिक्का मारा, पाठवा. एका जाड वहीत त्यानं सगळ्या पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. एकूण चाळीस. शेठनी वही बघितली आणि म्हणाले, "शून्यावर सोडतंय का कोण? आहेरात पण वर एक ठेवतो आपण." म्हणून एक्केचाळिसावी पायरी आली. नारळ फोडणे. पुढं कंसात नाव, मल्लिनाथ.

एका पुडक्याला पाच तास लागायचे. सव्विसाव्या पायरीला हात चुकला की परत पहिलीपासून. आणि हे सगळं दर अमावास्येला. बाकीचं जग अमावास्येला नवं काम काढत नाही, पण चनबसप्पांच्या घरात तीन पिढ्या अमावास्येलाच दुकानाची पूजा. नवं पुडकं त्याच दिवशी जाणार.

इथंच मल्लिनाथचं सगळं अडलं होतं. ऑपरेशनसाठी चांगला डॉक्टर गाठला, तर त्याच्याकडं महिना महिना गर्दी. रिकामी असायची ती अमावास्या. त्या दिवशी कुणी पेशंट टेबलावर चढायलाच तयार नसायचा. मल्लिनाथला देवानं तशी भीती दिली नव्हती, नुसतं ऑफिस दिलं होतं. तीनदा तारीख मिळाली, तीनदा शेठ म्हणाले, "अरे, त्या दिवशी पुडकं न्हाय व्हय?" चौथ्यांदा डॉक्टर म्हणाले, "ह्या वेळी आला नाहीत तर परत येऊ नका. त्या खुर्चीलाच दाखवा."

मल्लिनाथ त्या दिवशी ऑफिसात येऊन उभाच राहिला. बसणं आता उरलंच नव्हतं.

"ज्ञानदा," तो म्हणाला, "ह्या वहीतलं सगळं मशीनला शिकवता येतंय का ग?"

ज्ञानदा दोन वर्षांपूर्वी लागलेली. हुशार. पाच तास पायऱ्या चढणाऱ्या माणसाकडं ती रोज लिफ्टमधून बघितल्यासारखं बघायची.

"सर, हे मी आल्या दिवसापासून सांगायलीय की. एक बटन. दाबलं की सगळं आपोआप."

"मग कर."

"पण सर, ही चौदावी पायरी काय आहे? चहा?"

"चहाच."

"तो कशाला?"

"म्हायती न्हाय. पण एकदा चहा न पिता पुढं गेलो, तर पुडकं फाटलं. तवापासून पितो."

ज्ञानदानं वाद घातला नाही. चौदाव्या पायरीला तिनं पाच मिनिटं थांबायचा हुकूम घातला. चाचणी घेतली तर आख्खं पुडकं दहा मिनिटांत तयार. पाच मिनिटं मशीन काम करायचं, पाच मिनिटं चहा प्यायचं. ऑफिसातल्या बाकीच्यांपेक्षा हे प्रमाण बरंच बरं होतं.

मल्लिनाथ दहा मिनिटं पडद्यासमोर उभा होता. नऊ वर्षं आणि किती अमावास्या, मनातल्या मनात गुणाकार करायला लागला आणि मध्येच सोडून दिला. थकवा असा हिशोबात धरायचा म्हटला की जास्तच येतो.

अडलं ते शेवटच्या पायरीवर. ज्ञानदा शेठना म्हणाली, "नारळाची पायरी मी काढून टाकते."

"अय्यो, काढते म्हणजे?" शेठ खुर्चीतून उठले. "नारळाबिगर पुडकं भाईर जायचं न्हाय."

"मग मशीन विचारेल, नारळ फोडला का. आणि आपणच 'हो' असं उत्तर भरून ठेवू."

"म्हणजे मशीन खोटं बोलणार? माझ्या दुकानात?"

शेवटी तोडगा निघाला. पुडकं तयार झालं की मशीन मोबाईलवर निरोप पाठवणार, 'नारळ फोडला का?' खाली दोन बटनं, हो आणि नाही. कुणी खरोखर नारळ फोडून 'हो' दाबलं तरच पुडकं सुटणार. निरोप कुणाच्या मोबाईलवर जाणार हे काही कुणी विचारलं नाही. ज्ञानदानं वही उघडली, एक्केचाळिसाव्या पायरीपुढचं नाव बघितलं आणि त्याचाच नंबर घातला. वहीत लिहिलंय तसंच करायचं, असं तिला बजावलेलंच होतं.

अमावास्या आली. मल्लिनाथनं तीन दिवसांची रजा टाकली होती. सगळं आपोआप होणार म्हटल्यावर ज्ञानदानंही रजा टाकली आणि मावसबहिणीच्या साखरपुड्याला नातेपुत्याला गेली. तिथंही कार्यालय अमावास्येलाच रिकामं मिळालं होतं. सुट्टी ही एकदा लागली की पसरते. बटन दाबायचा मान शेठनी स्वतःकडं घेतला. अंघोळ करून, भस्म लावून, एक नारळ घेऊन ते मशीनपुढं बसले.

तिकडं मल्लिनाथ दवाखान्यात हिरवा झगा घालून बसला होता, एका बाजूवर.

"माझा मोबाईल तुझ्याकडं ठेव," तो बायकोला, गुरम्माला म्हणाला. "शेठचा फोन आला तर उचलायचा न्हाय. आग लागली तरी न्हाय."

"आन् दुसऱ्या कुणाचा आला तर?"

"तुला बरोबर वाटंल ते कर."

नवऱ्यानं लग्नाच्या सोळा वर्षांत दिलेला हा पहिलाच मोकळा अधिकार. गुरम्मानं मोबाईल पदराला पुसून घेतला.

साडेनऊला शेठनी बटन दाबलं. काही झालं नाही. म्हणजे आत सगळं चालू होतं, पण बाहेर दिसायला काही नव्हतं. ना आवाज, ना दिवा. सुताच्या धंद्यातला माणूस, मशीन खडखडल्याशिवाय चालू आहे हे त्याला पटणार कसं? त्यांनी परत दाबलं. मग लिफ्टचं दाबतात तसं दाबत सुटले. दहा वेळा झालं तेव्हा स्वतःशीच म्हणाले, दहावर कशाला सोडायचं, आणि अकराव्यांदा दाबलं. मग दारात नारळ फोडला आणि समाधानानं खाली बॅटरीवाल्याकडं गप्पा मारायला गेले.

मशीन शहाणं. त्यानं अकरा पुडक्यांची रांग लावली आणि एकेक बांधायला घेतलं.

पावणेदहाच्या आत गुरम्माच्या हातातला मोबाईल वाजला. फोन नव्हता, निरोप होता. 'नारळ फोडला का?'

गुरम्मानं तो दोनदा वाचला. आत मल्लिनाथला नुकतंच पाठीत इंजेक्शन दिलं होतं. म्हणजे ह्यांनी नवस बोललाय, आणि घरात एका शब्दानं सांगितलं नाही. हा माणूस पोटातलं कधी बोलतो? आता नवस पण मोबाईलवर बोलायची सोय निघाली असेल, आजकाल काय नाही निघत.

दोन बटनं समोर होती. 'हो' दाबून मोकळं होता आलं असतं. दुसरं कुणीही झालं असतं. पण नवरा टेबलावर असताना देवाशी खोटं? गुरम्मा उठली, दवाखान्याच्या फाटकाशी गेली. तिथल्या छोट्या देवळाबाहेर एक बाई नारळ घेऊन बसायची. एक घेतला, फोडला, हात जोडले आणि मग 'हो' दाबलं.

ती वर येऊन बाकड्यावर टेकली. दहा मिनिटं झाली. 'नारळ फोडला का?'

"आत्ताच की!" गुरम्मा मोबाईलला म्हणाली. शेजारची बाई दचकली. गुरम्मानं विचार केला, एकाचा नवस नसेल. पाचाचा असेल. परत खाली गेली.

पाच झाले. सहावा निरोप आला तेव्हा तिच्या मनात आलं, अकराचा असणार. मोठं दुखणं आहे ना. नवऱ्याचा तिला राग यायला लागला आणि जीवही तुटायला लागला. अकराचा बोलला म्हणजे किती घाबरला असेल बिचारा.

"ताई, आत कोण हाय तुमचं?" नारळवालीनं आठव्या खेपेला विचारलं. "लई मोठं ऑपरेशन हाय व्हय?"

"बसायच्या जागेचं," गुरम्मा म्हणाली.

"मग बराबर हाय," नारळवाली गंभीरपणे म्हणाली.

गुरम्मा इकडं नारळ फोडत होती आणि तिकडं दर दहा मिनिटांनी चाळीस कारखान्यांत एकेक पुडकं जाऊन पडत होतं. भवानी पेठेत एकनाथराव हे एका टॉवेल कारखान्याचे मॅनेजर. त्यांच्या संगणकानं पहिलं पुडकं उचललं, पाच मिनिटं पडदा काळा केला, ते चढवलं आणि तो उठला. उठतो न उठतो तोवर दुसरं. आता मागावरचे कामगार नगावर काम करणारे. मोजणी बंद तर माग बंद. न मोजलेला टॉवेल कोण कशाला विणेल? पडदा काळा झाला की सगळे चहाला. पडदा उजळला की परत. परत काळा झाला की परत चहाला. साडेअकरापर्यंत आख्खा कारखाना अकरा चहा पिऊन बसला होता.

एकनाथरावांनी शेठना फोन केला. काय बोलले ते बॅटरीवाल्यालाही ऐकू गेलं. शेठनी ज्ञानदाला फोन लावला. साखरपुड्याच्या बँडमधून ती ओरडली, "सर, बटन एकदाच दाबायचं होतं! किती वेळा दाबलं?"

"अकरा."

"अकरा? पण नारळाला 'हो' कोण म्हणालं?"

हे कोडं शेठना सुटलं नाही. त्यांनी लॅपटॉप काखोटीला मारला आणि रिक्षा केली.

मल्लिनाथला वॉर्डात आणून एका कुशीवर झोपवलं होतं. कमरेखाली काहीच नव्हतं, कुणी कापून नेल्यासारखं. वर नुसती झोप होती, जड, ओल्या चादरीसारखी. गुरम्मा आख्ख्या वॉर्डात खोबरं वाटत फिरत होती.

"एवढं खोबरं कुटलं?" त्यानं विचारलं.

"तुमच्या नवसाचं. अकरा फोडले. एक पण सोडला न्हाय."

मल्लिनाथनं तिच्या हातातल्या मोबाईलकडं बघितलं. निरोपांची रांग बघितली. सगळं त्याच्या ध्यानात आलं, सावकाश, एकेका पायरीनं. खरं सांगून तिचे अकरा नारळ वाया घालवायचे कशाला.

तेवढ्यात शेठ आले. "मल्लिनाथ, ऊठ."

"उठता येत न्हाय. सहा तास मान पण उचलायची न्हाय म्हणालेत."

"मग पडल्या पडल्या सांग. ती अकरा पुडकी परत घे."

"परत घ्यायची पायरी न्हाय वहीत."

शेठ स्टुलावर बसले, लॅपटॉप मांडीवर. गुरम्मानं त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. नारळाचं म्हटल्यावर नाही म्हणता येईना, ते खायला लागले. इतक्यात त्यांचा फोन वाजला. एकनाथराव.

"शेठ, माग सुरू झाले," एकनाथराव म्हणाले. आवाज दमलेला होता. "मोजणीचा कागद आता सरळ छापतोय, मागच्या महिन्यात डावीकडं सरकायचा. ते बरं झालं. पण माणसं अकरा चहा पिऊन आली हायत, हात थरथरतायत सगळ्यांचे. परत असं करू नका."

शेठनी फोन ठेवला. खोबऱ्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

"अकराच्या अकरा एकसारखीच होती?"

"एकसारखीच."

"म्हणजे शेवटचं बरोबर बसलं."

"बसलं."

"तू हितं झोपलेला. ती नातेपुत्यात नाचतीय. आन् पुडकं गेलं."

"गेलं."

शेठनी मल्लिनाथकडं बघितलं. नऊ वर्षांत त्यांनी त्याच्याकडं एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तीन दिवसांत काय हुतंय? आठ दिवस आराम कर. पंधरा केलंस तरी चालतंय बघ."

ज्या माणसानं आजवर आपणहून अर्धा दिवस दिला नव्हता, त्याच्या तोंडातून पंधरा दिवस. मल्लिनाथला ह्याचा अर्थ कळला. कुठंतरी खोल भीतीही वाटली. उठून बसावं, सांगावं की शेठ, मशीनला अजून पुष्कळ गोष्टी कळत नाहीत, मी लागणारच. पण उठून बसायला जे लागतं तेच आज जाग्यावर नव्हतं. आणि भ्यायला सुद्धा थोडी ताकद लागते.

शेठ लॅपटॉप उचलून गेले. जाताना पाय न वाजवता गेले.

"काय म्हणले ओ शेठ?" गुरम्मानं विचारलं.

"सुट्टी दिली."

"किती दिवस?"

"लई," मल्लिनाथ म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोबऱ्याचा अजून एक तुकडा मागत होता. तो त्याला मिळाला की नाही, ते मल्लिनाथला कळलं नाही.